विद्युत अभियांत्रिकी विभागातलं संशोधन आणि त्याचं यश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी, पीएचडीला नुकतेच लागलेले आणि विभागांची माहितीपत्रकं चाळून गोंधळलेले, असे तिन्ही प्रकारचे वाचक प्रश्न पाठवत असतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, अडचणीचे शेवटाकडे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोटर, ट्रान्सफॉर्मर, तारा यांचा शोध लागून शंभर वर्षं झाली. मग विद्युत विभागात आता संशोधन करायला उरलंय काय?

ढोबळमानाने विभागात दोन कुळं सापडतात. पहिलं ऊर्जेचं. वीजजाळं, विद्युत यंत्रं, उच्च व्होल्टता आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (वीज एका रूपातून दुसऱ्यात बदलणारे कन्व्हर्टर) या विषयांचं ते घर. दुसरं माहितीचं. त्यात सिग्नल प्रोसेसिंग, संदेशवहन, कंट्रोल, सेमीकंडक्टर उपकरणं, मापन आणि वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्स येतं. कंट्रोलवाले दोन्हीकडे पाय ठेवून असतात.

‘जुन्या’ म्हणून नाक मुरडलं जातं त्या पहिल्या कुळातच सध्या सर्वात मोठी उलथापालथ चालू आहे. वीजजाळ्याचं शंभर वर्षांचं गणित फिरणाऱ्या अवजड जनित्रांवर बेतलेलं होतं. सौर आणि पवनऊर्जा इन्व्हर्टरमधून, म्हणजे डीसी विजेची एसी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून येते, त्यामुळे त्या गणितातली बरीच गृहीतकं गळून पडली (प्रश्न ३). मोटरींचंही तसंच. विद्युत वाहनांमुळे दुर्मिळ मृदा धातूंचे चुंबक कमी वापरून किंवा अजिबात न वापरता तेवढाच टॉर्क कसा मिळवायचा, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात गुंडाळलेली, चुंबकाशिवाय चालणारी रिलक्टन्स मोटर पुन्हा टेबलावर आली.

२. एकच विषय कुठे इलेक्ट्रिकल विभागात दिसतो, कुठे इलेक्ट्रॉनिक्समध्ये, कुठे कॉम्प्युटरमध्ये. असं का?

विभागांच्या भिंती इतिहासाने घातल्या आहेत, म्हणून. जर्मनीतल्या डार्मस्टाटमध्ये विद्युत अभियांत्रिकीचं अध्यासन १८८२ साली स्थापन झालं, एरास्मुस किटलर त्याचे पहिले प्राध्यापक. एमआयटीमध्ये हा अभ्यासक्रम त्याच वर्षी सुरू झाला तो भौतिकशास्त्राच्या छपराखाली. स्वतंत्र विभाग व्हायला १९०२ उजाडलं आणि १९७५ मध्ये त्याच्या नावाला कॉम्प्युटर सायन्सही जोडलं गेलं. व्यावसायिक संघटनांचीही तीच तऱ्हा. वीजवाल्यांची एआयईई आणि रेडिओवाल्यांची आयआरई या १९६३ साली एकत्र आल्या आणि आयईईई तयार झाली.

तेव्हा विभागाच्या पाटीवर फार विसंबू नका. तिथले प्राध्यापक गेल्या काही वर्षांत कशावर लिहीत आहेत ते पाहा.

३. वीजजाळ्यावर काम करणारे सगळे सध्या ‘इनर्शिया’बद्दल का बोलतात?

जनित्राचा रोटर टनावारी वजनाचा असतो आणि जाळ्याच्या वारंवारितेशी जखडलेला फिरतो. एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं की मागणी आणि पुरवठ्यातली तफावत पहिले काही सेकंद या रोटरांत साठलेली गतिज ऊर्जा भरून काढते. रोटर किंचित मंदावतात, वारंवारिता ५० हर्ट्झवरून हळूहळू खाली येते आणि तेवढ्या अवधीत टर्बाइनच्या गव्हर्नरला, म्हणजे तिचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाला, हालचाल करता येते. हाच इनर्शिया, म्हणजे जडत्व. ही सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती. यंत्रं जड होती म्हणून ती फुकटात मिळत होती.

इन्व्हर्टरला असं वजन नाही. आजचे बहुतेक इन्व्हर्टर जाळ्याची व्होल्टता ‘ऐकून’ तिच्या मागे चालणारे, म्हणजे ग्रिड-फॉलोइंग असतात. सगळेच अनुयायी झाले तर अनुसरायचं कोणाला, हा इथला पेच. म्हणून स्वतः व्होल्टता आणि वारंवारिता उभी करणाऱ्या ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टरवर जगभरच्या विभागांत काम चाललं आहे. घोडं अडतं ते दोषाच्या (फॉल्टच्या) क्षणी. शॉर्टसर्किट झाल्यावर जनित्र नेहमीच्या कित्येक पट प्रवाह सोसतं, इन्व्हर्टरमधली सेमीकंडक्टर स्विचं मात्र थोड्याशा जादा प्रवाहाने जळतात. त्यामुळे प्रवाह मर्यादेतही ठेवायचा आणि जाळंही सोडायचं नाही, अशी तारेवरची कसरत नियंत्रकाला करावी लागते. शिवाय मोठ्या दोष-प्रवाहाच्या भरवशावर बेतलेल्या संरक्षण रिलेंना (दोष दिसताच लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणांना) आता दोष ओळखायचा कसा, हा स्वतंत्र विषय होऊन बसला आहे.

२८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य अंधारात गेलं, ते उदाहरण या क्षेत्रात येणाऱ्याने नीट वाचावं. वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले आणि व्होल्टता लागोपाठ अनेकदा कोसळली. काही पवनचक्क्यांच्या नियंत्रकात असे धक्के किती वेळा सोसायचे याची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडताच त्यांनी उत्पादन घटवलं. जाळं चालवणाऱ्यांच्या मॉडेलमध्ये ही सेटिंग नव्हतीच. संशोधकांच्या दृष्टीने त्या घटनेचा खरा धडा या एका सेटिंगमध्ये होता. वाद मात्र ‘पवनऊर्जा चांगली की वाईट’ यावरच झडत राहिला.

४. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत दिवसभर प्रत्यक्षात काय चालतं?

बाहेरून वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मोजमापात जातो. एक नमुना सांगतो. सिलिकॉन कार्बाइडचा नवा मॉसफेट (स्विच म्हणून वापरायचा ट्रान्झिस्टर) आला की त्याचा स्विचिंग लॉस, म्हणजे चालू-बंद होताना वाया जाणारी ऊर्जा, काढायला ‘डबल पल्स’ चाचणी करतात. पहिली पल्स इंडक्टरमधला प्रवाह हव्या त्या पातळीला नेते, ती संपताना टर्न-ऑफ दिसतो आणि लगेचच्या दुसऱ्या पल्सच्या आरंभी त्याच प्रवाहावर टर्न-ऑन दिसतो. हे सगळं काही मायक्रोसेकंदांत उरकतं, त्यामुळे उपकरण तापत नाही.

ऑसिलोस्कोपवर पहिल्यांदा जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नये. इथे व्होल्टता दर नॅनोसेकंदाला दहा-दहा व्होल्टनी चढते-उतरते. प्रोबची अर्थची लांब वायर आणि तिची मगरपकड मिळून जो लूप होतो तोच अँटेनासारखा वागतो आणि स्क्रीनवर रिंगिंग, म्हणजे प्रत्यक्षात नसलेली थरथर, दाखवतो. नवा विद्यार्थी दोन दिवस गेट रेझिस्टर बदलत बसतो. वायर काढून प्रोबच्या टोकाशी छोटी स्प्रिंग लावली की निम्मं रिंगिंग गायब. मग व्होल्टतेचा आणि प्रवाहाचा प्रोब यांच्यातला वेळेचा फरक जुळवायचा. तो पाच-दहा नॅनोसेकंद जरी चुकला तरी दोन्हींचा गुणाकार करून काढलेला लॉस साफ चुकीचा येतो. शोधनिबंधात यातलं एखादंच वाक्य उरतं, पण आकड्यांची विश्वासार्हता त्या एका वाक्यावर टिकून असते.

५. हार्डवेअरची भीती वाटते. फक्त सिम्युलेशनवर पीएचडी होते का?

होते. वीजजाळ्यावरचं बरंच काम सिम्युलेशनवरच चालतं, कारण प्रयोगासाठी कोणी अख्खं जाळं बंद पाडू देणार नाही. मधला मार्गही आहे. त्याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात. त्यात जाळं रिअल-टाइम सिम्युलेटरवर चालतं आणि नियंत्रक किंवा रिले मात्र खरा जोडलेला असतो. कन्व्हर्टर, मोटर, इन्सुलेशन या विषयांत मात्र नुसत्या सिम्युलेशनवर भागवायचं म्हटलं तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

भीतीबद्दल म्हणाल तर थोडी असलेलीच बरी. उच्च व्होल्टता प्रयोगशाळेत चाचणी संपल्यावर आधी अर्थिंग रॉडने कपॅसिटर डिस्चार्ज करायचा, रॉड तिथेच टेकवून ठेवायचा आणि मगच हात लावायचा, ही शिस्त पहिल्याच दिवशी शिकवतात. जिथे शिकवत नाहीत तिथे प्रवेश घेऊ नका.

६. आता प्रत्येक विषयाला ‘मशीन लर्निंग’ जोडलेलं दिसतं. त्यात दम किती?

विषयागणिक फरक आहे. विजेच्या मागणीचा अंदाज बांधायला न्यूरल नेटवर्क १९९०च्या दशकापासून वापरात आहेत. तिथे विदा (डेटा) भरपूर असते आणि रोज पडताळाही मिळतो, त्यामुळे पद्धत रुळली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या वायूंवरून बिघाड ओळखणं यासारख्या कामांतही उपयोग दिसतो.

वीजजाळ्याच्या संरक्षणाच्या बाबतीत मी हातचं राखून बोलेन. ५० हर्ट्झच्या जाळ्यात एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं आणि रिलेने साधारण तेवढ्यात निर्णय घ्यावा अशी अपेक्षा असते. खरे दोष क्वचित घडतात, म्हणून शिकवणीची विदा बहुतेक वेळा सिम्युलेशनमधून येते. त्याच सिम्युलेशनवर चाचणी घेऊन ‘९९ टक्के अचूकता’ छापलेली असेल तर तो पेपर बाजूला ठेवा. चुकीच्या क्षणी लाइन तोडणारी उरलेली एक टक्का उत्तरं कोणती, हे ज्या पेपरात सांगितलेलं असेल तो आधी वाचा.

७. विभागाचं यश मोजायचं कसं? शोधनिबंधांची संख्या, एच-इंडेक्स की पुरस्कार?

तिन्ही आकडे पाहा, पण विभागांची तुलना त्यांच्यावर करू नका. एच-इंडेक्स २००५ साली हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एखाद्याचे एच इतके शोधनिबंध प्रत्येकी किमान एच वेळा उद्धृत झाले असतील तर त्याचा इंडेक्स एच. अडचण अशी की उद्धृत होण्याचं प्रमाण क्षेत्राच्या आकारावर ठरतं. मशीन लर्निंगचा मध्यम दर्जाचा पेपर वर्षभरात जितक्यांदा उद्धृत होतो तितका केबल इन्सुलेशनवरचा उत्तम पेपर दहा वर्षांतही होत नाही. इन्सुलेशन जुनं होण्याचा एकेक प्रयोगच महिनोन्महिने चालतो, तिथे दरवर्षी आठ पेपर येणार कुठून?

आयईईई फेलोसारखे सन्मान काटेकोर असतात. एका वर्षात मतदार सदस्यांपैकी जास्तीत जास्त ०.१ टक्का लोकांना तो मिळतो. पण असे सन्मान मागच्या कामाचे असतात. तुम्ही पुढची पाच वर्षं काढायला चालला आहात, म्हणून मी आणखी तीन गोष्टी पाहीन. विभागाची एखादी पद्धत किंवा साधन बाहेरचं कोणी वापरतं का? तिथून पीएचडी घेतलेले कुठे गेले आणि किती वर्षांनी बाहेर पडले? प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत की पाहुण्यांना दाखवण्यापुरती आहेत? तिसऱ्याचं उत्तर तिथल्या तंत्रज्ञाशी दहा मिनिटं बोललात तर मिळतं.

८. विद्यापीठाच्या विभागातून निघून खरोखर जगभर पोचलेलं काम कोणतं?

यादी मोठी आहे, मला महत्त्वाची वाटणारी चार देतो. ‘यश’ किती वेगवेगळ्या रूपांत येतं ते त्यावरून कळेल.

क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीत लिहिलेला मास्टर्सचा प्रबंध. रिले आणि स्विचांची मंडलं (सर्किटं) बूलच्या, म्हणजे खरं-खोटं अशा दोनच मूल्यांच्या, बीजगणिताने मांडता येतात हे त्यात दाखवलं होतं. अंकीय मंडलांच्या रचनेचा पाया एका विशीतल्या विद्यार्थ्याने घातला, तोही व्हॅनेवार बुश यांच्या गणनयंत्राचे रिले सांभाळता सांभाळता.

बर्कलीचं स्पाइस, १९७३. लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला मंडल-सिम्युलेशनचा प्रोग्राम. पेडरसन यांचा आग्रह होता की तो मागेल त्याला द्यायचा. आज चिपरचनेत वापरले जाणारे अनेक सिम्युलेटर त्याच वंशातले आहेत.

फेझर मेझरमेंट युनिट, म्हणजे पीएमयू. जाळ्यातल्या व्होल्टतेचं मान आणि कोन मोजणारं उपकरण. अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या कामातून व्हर्जिनिया टेकमध्ये १९८८ साली त्याचा पहिला नमुना तयार झाला. याचं मूळ वेगळ्याच कामात आहे. १९७०च्या दशकात फडके संगणकीय रिलेवर काम करत होते. सममित घटक (तीन फेजांमधला असमतोल दाखवणाऱ्या राशी) वेगाने काढण्यासाठी बसवलेली रीत जाळ्याचं मापन करायलाही कामाची आहे, हे पुढे ध्यानात आलं. शेकडो किलोमीटरवरच्या दोन ठिकाणच्या व्होल्टतेचा कोन ताडून पाहायचा तर दोन्ही घड्याळं जुळलेली हवीत. ती जुळणी जीपीएसने करून दिली. एक मायक्रोसेकंदाची चूक ५० हर्ट्झवर ०.०१८ अंश होते, म्हणजे चालण्यासारखी. दोघांना २००८ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं.

फिनफेट. बर्कलीतच चेनमिंग हू आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला, माशाच्या पंखासारखा उभा ट्रान्झिस्टर. चॅनेलला (प्रवाहाच्या वाटेला) तीन बाजूंनी गेटने (तो चालू-बंद करणाऱ्या टोकाने) वेढलं की गळती प्रवाह आटोक्यात येतो. त्याआधी जपानमध्ये हिताचीत याच धर्तीची रचना झाली होती आणि ती करणारे हिसामोतो पुढे बर्कलीच्या चमूतही होते. ‘हे अमुक विभागाचं’ असं म्हणताना हा धागा सोडू नये (प्रश्न ११).

९. प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं काम बाजारात यायला इतकी वर्षं का लागतात?

सौर घटाची पर्क रचना घ्या, म्हणजे मागच्या पृष्ठभागावर विद्युतरोधक थर असलेली. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८९ साली २२.८ टक्के कार्यक्षमतेचा घट प्रसिद्ध केला. कारखान्यांत ती रचना सर्वत्र पसरली २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात. भौतिकी तीच होती, पण प्रयोगशाळेत फोटोलिथोग्राफीने नाजूकपणे केलेलं काम कारखान्याला परवडेल अशा वेगाने व्हायला हवं होतं. मागच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर झटपट चढवणारी यंत्रं आणि त्याला लेझरने छिद्रं पाडण्याची रीत हाताशी आली, तेव्हा गाडी हलली. शिवाय जुना घट वर्षानुवर्षं थोडा थोडा सुधारत होता, त्यामुळे बदलायची कोणाला घाई नव्हती. या कामासाठी ग्रीन आणि तीन सहकाऱ्यांना क्वीन एलिझाबेथ पारितोषिक मिळालं ते २०२३ मध्ये. फिनफेटचं गणित त्या मानाने लवकर सुटलं. इंटेलने तो २०११ साली जाहीर केला.

१०. ज्या विभागाची पेटंटं जास्त तो जास्त पुढारलेला, असं समजायचं का?

नाही. अर्ज दाखल होणं, पेटंट मिळणं आणि कोणीतरी पैसे मोजून ते वापरणं या तीन पायऱ्या आहेत आणि माहितीपत्रकात बहुधा पहिलीचाच आकडा छापतात. स्पाइसची वाट तर पेटंटाच्या अगदी उलट दिशेची (प्रश्न ८).

पेटंट घ्यायचंच असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. युरोपात अर्जाआधी काम कुठेही प्रसिद्ध झालं तर नावीन्य संपलं. ग्रंथालयात खुला ठेवलेला प्रबंध आणि परिषदेतलं पोस्टरही त्यात धरलं जातं. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर वर्षभराची सवलत मिळते. म्हणून पेपर पाठवण्यापूर्वी मार्गदर्शकांशी बोला. स्वीकृतीचा मेल आल्यावर बोलून फारसा उपयोग नसतो.

११. काम विद्यार्थ्याचं आणि नाव सरांचं, असं होतं का?

होतं. याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण आजही कित्येक छपरांवर दिसतं. १९२६ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठात तयार झालेल्या दिशादर्शी अँटेनाचं बरंचसं प्रत्यक्ष काम शिंतारो उदा यांचं होतं. पेटंट प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांच्या नावावर झालं आणि १९२८ चा गाजलेला इंग्रजी लेखही त्यांचाच. लेखात यागींनी उदांच्या कामाचा उल्लेख केला होता, तरी लोकांच्या तोंडी ‘यागी अँटेना’च बसलं. आता पाठ्यपुस्तकं यागी-उदा म्हणतात.

आजचा रिवाज असा की प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव पहिलं आणि मार्गदर्शकांचं शेवटी. काही सैद्धांतिक गटांत वर्णानुक्रम चालतो. तुमच्या गटात काय चालतं ते गटाच्या मागच्या पाच-सहा पेपरांवर नजर टाकली तरी समजतं. कोणी किती काम केलं याची नोंद तारखेसह प्रयोगवहीत ठेवा. वाद झालाच तर तीच कामी येते.

१२. मुलींना यंत्रं किंवा उच्च व्होल्टतेच्या गटात घेत नाहीत, असं ऐकलं. खरं का?

तसा नियम नसतो. पूर्वग्रह असतो आणि तो त्या त्या गटाचा असतो. तिथे सध्या किती मुली काम करतात हे त्यांनाच विचारून घ्या. मोटर नियंत्रणात रोज वापरलं जाणारं, तीन फेजांच्या राशी दोन अक्षांवर मांडणारं अल्फा-बीटा रूपांतर एडिथ क्लार्क यांच्या नावाने ओळखलं जातं. १९१९ साली एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची मास्टर्स पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. प्राध्यापकपद मिळालं ते १९४७ मध्ये, टेक्सास विद्यापीठात.

१३. भौतिकशास्त्र किंवा गणिताच्या विद्यार्थ्याला या विभागात जागा असते का?

असते, आणि उपकरणं, सिग्नल प्रोसेसिंग, कंट्रोल या विषयांत तर स्वागतच होतं. ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीन १९५१ पासून इलिनॉय विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र अशा दोन्ही विभागांत प्राध्यापक होते. प्रवेशाच्या अटी मात्र विद्यापीठागणिक बदलतात. जाळं आणि यंत्रं या विषयांसाठी पदवीचे एक-दोन मूलभूत विषय नव्याने करावे लागतील.

१४. ‘९९ टक्के कार्यक्षमतेचा कन्व्हर्टर’ अशी बातमी आली की विश्वास ठेवायचा का?

आधी मापन कसं केलं ते शोधा. समजा १,००० वॅट आत गेले आणि ९९० बाहेर आले. दोन्ही बाजूंच्या मीटरमध्ये प्रत्येकी ०.२ टक्का त्रुटी असेल तर आत दोन वॅट आणि बाहेर जवळपास दोन वॅट इकडेतिकडे. नुकसान आहे दहा वॅटचं आणि त्यातच चार वॅटची अनिश्चितता. म्हणजे खरी कार्यक्षमता ९८.६ ते ९९.४ यांत कुठेही असू शकते. म्हणूनच इतक्या वरच्या पातळीवर काटेकोर गट उष्णता मोजून नुकसान काढतात. आणखी दोन गोष्टी विचारा. हा आकडा कोणत्या लोडवरचा? आणि गेट ड्रायव्हर व पंख्याची वीज त्यात धरली आहे का?

सौर घटांच्या बाबतीत हा प्रश्न बराच सुटलेला आहे. मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळेने मोजलेल्या विक्रमांचे तक्ते १९९३ पासून नियमित प्रसिद्ध होतात. त्यात घटाचं क्षेत्रफळही दिलेलं असतं. ते आवर्जून पाहा, कारण नखाएवढ्या घटाचा विक्रम आणि पूर्ण पॅनेलचा आकडा यांत बरंच अंतर असतं.

१५. कंपनीच्या पैशावरच्या प्रकल्पात पीएचडी केली तर प्रबंध छापता येतो का?

करारावर अवलंबून आहे, आणि तो करार बहुतेक विद्यार्थ्यांनी वाचलेलाच नसतो. त्यात तीन कलमं शोधा. प्रसिद्धीपूर्वी कंपनीला मसुदा किती दिवस तपासायला मिळणार? प्रबंध किती काळ बंद ठेवता येईल? विदा आणि कोड कोणाच्या मालकीचा? तपासणीला ठरावीक मुदत असेल तर हरकत नाही. ‘कंपनीच्या संमतीशिवाय प्रसिद्धी नाही’ असं मोघम वाक्य असेल आणि मुदतच नसेल तर सही करू नका, आधी विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाकडून ते बदलून घ्या. अशा प्रकल्पांचा फायदाही मोठा आहे. प्रश्न नंबर तीनमधल्या पवनचक्कीच्या सेटिंगसारखी माहिती उत्पादकांकडेच असते आणि ती बाहेरून कितीही मॉडेलिंग केलं तरी हाती लागत नाही.

१६. तीन वर्षं काम करून पद्धत जुन्यापेक्षा सरस ठरलीच नाही, तर?

ती कुठे आणि का मागे पडते हे मोजमापासह दाखवता आलं तर प्रबंध उभा राहतो. परीक्षकांना खटकते ती कच्ची तुलना, म्हणजे स्वतःची पद्धत नीट ट्यून केलेली आणि जुनी मात्र मूळ पेपरातल्या आकड्यांवर तशीच चालवलेली. दोन्हींना सारखा वेळ द्या. जर्नलं नकारात्मक निकाल सहजी घेत नाहीत हे खरं आहे, म्हणून पेपर लिहिताना पद्धत कोणत्या मर्यादेपर्यंत चालते यावर भर द्यावा. अमुक इन्व्हर्टर-प्रमाणापर्यंत ती टिकते, पुढे अस्थिर होते आणि कारण हे, अशी मांडणी केली की तोच निकाल वीजजाळं चालवणाऱ्या अभियंत्याच्याही कामाचा होतो.